जोडेघाटच्या लढाईआधीची उपासमार

मी पाटबंधाऱ्यातला माणूस. नकाशावरची रेघ बघितली की ती जमिनीवर कुठून जाते, हे शोधायची खोड नोकरीत लागली. आदिलाबादच्या (आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातल्या) जोडेघाटचा इतिहास वाचतानाही मी आधी रेघच शोधली, राखीव जंगलाची.

गोंडांची शेती दोन पायांवर उभी होती. खोऱ्यातल्या काळीत रब्बीची ज्वारी, आणि उतारावरच्या बरड जमिनीत पावसाळी ज्वारी नि बारीक तृणधान्यं. बरड दोन-तीन वर्षांत दमते. मग ती पड टाकायची, दुसरा तुकडा धरायचा. पडीवर झुडपं वाढतात. निजामाच्या वनखात्याने मुनारे रोवले तेव्हा ही झुडपं जंगलात धरली गेली. म्हणजे शेतकऱ्याची विसाव्याची जमीन कागदावर सरकारची झाली! पट्टा हातात नसलेल्या गोंडाने दाखवायचं काय? दुसरीकडे खालची काळी बाहेरून आलेल्या कुळांकडे आणि सावकारांकडे जात होती. दोन्ही पाय गेले.

हुसकलेली माणसं डोंगरात बाबेझरी, जोडेघाट भागात गेली. तिथंही जंगलवाल्यांनी घरं जाळली. कुमुरम भीमने आधी अर्जविनंत्या केल्या, हे आपण भाषणांत विसरतो. 1940 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात तो आणि त्याचे साथीदार मारले गेले. 'जल, जंगल, जमीन' ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. माझ्या मते तिच्याखाली साधा हिशोब होता, पुढच्या पावसापर्यंत कणगी पुरेल का, एवढाच.

त्यानंतर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला कामाला लावलं. तो मारलवाईत राहिला, आणि त्याच्या शिफारशींवरून गोंडांना पट्टे मिळू लागले. गोळीबाराआधी हे का सुचलं नाही, असं विचारावंसं वाटतं. दंगल थांबवायला शेवटी जमीनच द्यावी लागली, हे मला बंडाच्या कारणाचं सगळ्यात भक्कम कागदी प्रमाण वाटतं.

भीमची पुण्यतिथी जोडेघाटला अश्विन पौर्णिमेला करतात. तारखेवर वाद आहेत. मला तिथी जास्त बोलकी वाटते. त्या दिवसांत बरडीतली पिकं कणसात असतात, काही काढणीला आलेली. राखणीला मचाणावर रात्रभर माणूस लागतो. गाव जळालं, बाप्ये रानात पांगले, तर राखण कोण करणार? रानडुकरांना आमंत्रण लागत नाही.