करंडीपासून उबदार पेटीपर्यंत

नाशिक-त्र्यंबकेश्वर परिसरात नागपूजेची परंपरा जुनी असली, तरी तिला जिवंत नाग क्वचितच लागे. त्र्यंबकेश्वरी होणाऱ्या नारायण नागबळीच्या विधीत कणकेचा नाग करतात, तर नागपंचमीला घरोघरी पाटावर गंधाने नाग रेखून त्याला दूध-लाह्या वाहतात. जिवंत नाग दारी येई तो गारुड्याच्या करंडीतून, म्हणजे वेळूच्या कामट्यांनी विणलेल्या, झाकणाच्या चपट्या टोपलीतून. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात पंचमीपूर्वी पकडलेले नाग तोंडाला फडके बांधलेल्या मडक्यांत ठेवीत आणि सणानंतर सोडून देत. करंडी काय किंवा मडके काय, साप पळू नये एवढ्यासाठीच ते होते. त्यांत उबेची सोय नव्हती, आणि श्रावणातल्या हवेत थोड्या दिवसांपुरती ती लागतही नसे. गारुड्याचा नाग मात्र, दात पाडलेला आणि पुष्कळदा तोंड शिवलेला, उपासमारीने लवकरच मरे; या खेळाच्या कौतुकभरल्या वर्णनांत ही बाजू बहुधा गाळली जाते.

साप बाह्यतापी असतो, म्हणजे त्याच्या शरीराची ऊब बाहेरून येते आणि ऊन-सावलीत जागा बदलून तो ती राखतो. खाल्लेले पचण्यासाठीही त्याला ती हवी असते. काउल्स आणि बोगर्ट या अमेरिकी संशोधकांनी १९४४ मध्ये वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासातून हे पद्धतशीरपणे मांडले. परंतु जोन प्रॉक्टर यांच्या योजनेनुसार लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२७ मध्ये उघडलेल्या सर्पगृहात विजेच्या साहाय्याने निरनिराळ्या जागी निरनिराळी उष्णता राखण्याची व्यवस्था त्याआधीच झाली होती. पाळीव सापासाठी हल्ली वापरली जाणारी दिव्याची लाकडी पेटी ही त्याच कल्पनेची घरगुती आवृत्ती होय.

ज्या नाशिक जिल्ह्यात थंडीची लाट आली की निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, तेथे पश्चिम आफ्रिकेतील बॉल पायथन या लहान अजगराला नुसत्या काचेच्या टाकीत हिवाळा सोसणे कठीण जाते. लाकूड काचेपेक्षा ऊब अधिक धरून ठेवते, म्हणून तीन बाजूंना प्लायवूड आणि पुढे सरकती काच अशी रचना केली जाते. दिवा चिनी मातीच्या होल्डरमध्ये एकाच टोकाला बसवून थर्मोस्टॅटने, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीजपुरवठा आवरणाऱ्या उपकरणाने, ते टोक सुमारे ३२ अंश सेल्सिअसवर ठेवतात आणि दुसरे टोक सुमारे २६ अंशांवर राहू देतात. दिव्याभोवती तारेची जाळी अत्यावश्यक असते, कारण तापलेल्या दिव्याला वेटोळे घातलेला साप भाजत असूनही वेळीच दूर होत नाही.

ही पेटी परदेशी सापांपुरतीच राहिली, यामागे कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी नाग, धामण, अजगर यांसारखे देशी साप पकडण्यास व पाळण्यास मनाई केली, आणि ते योग्यच झाले. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या परदेशी जातींची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक झाली असून, ती केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावी लागते.