एकच भाव : मुंबईंतील जुन्या विलायती भांडारांचे कागद

पेठांचा इतिहास लिहितांना आपण सनदा, जकातीचे हिशेब आणि सावकारांच्या वह्या पाहतों. गिऱ्हाईक माल कोणत्या रीतीनें घेई, हा प्रश्न मागें राहतो. प्रस्तुत टिपणांत त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

जुन्या पेठेंत किंमत बोलण्यांतून ठरे. किरकोळ खरेदींत घासाघीस चाले. घाऊक व्यवहारांत दलाल कापडाखालीं बोटें धरून भाव ठरवीत. ओळखीच्या गिऱ्हाइकाचें देणें वहींत मांडलें जाई. अर्थात् भाव मालाइतकाच माणसावरहि अवलंबून असे.

एका छपराखालीं अनेक विभाग व प्रत्येक वस्तूस ठरलेली किंमत, ही पद्धति आरिस्तीद बूसिको यानें १८५२ नंतर पॅरिसच्या 'बाँ मार्शे' दुकानांत वाढीस लावली. मुंबईंत ती रुजविणाऱ्या भांडारांपैकीं दोन लक्षांत घेण्याजोगीं आहेत. लंडनची 'आर्मी अँड नेव्ही' ही सहकारी संस्था लष्करी व आरमारी अधिकाऱ्यांनीं १८७१ सालीं काढली; तिची मुंबईची शाखा १८९१ सालीं उघडली. सचित्र छापील सूचींतून निवडलेला माल ती टपालानें पाठवी. त्यामुळें दूरच्या छावणींतील गिऱ्हाइकास दुकानदाराचें तोंडहि पाहावें लागत नसे. 'व्हाइटवे लेडलॉ' ही पेढी १८८२ सालीं कलकत्त्यास निघाली व पुढें मुंबईस हॉर्नबी रोडवर आली. तिचा व्यवहार रोखीचा. म्हणून तिच्या नांवावर 'राइट अवे अँड पेड फॉर', म्हणजे 'ताबडतोब आणि चुकतें', अशी इंग्रजी कोटी रूढ झाली.

स्वदेशीच्या चळवळींत, १९०५-०६ च्या सुमारास, 'बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स' निघालें. माल देशी, पण मांडणी भांडाराचीच. व्हाइटवेच्या हॉर्नबी रोडवरील इमारतींत तर पुढें खादी भांडार आलें! बहिष्कार परक्या मालावर होता. विक्रीची ही नवी रीत मात्र आपण उचलली, हें यावरून उघड होतें. तरीहि मंडईंतील घासाघीस लोपली नाहीं. दोन्ही रीती शेजारीं शेजारीं नांदल्या.

या स्थित्यंतराचीं साधनें म्हणजे भांडारांच्या सूची, पावत्या व घरोघरच्या खर्चाच्या वह्या. सूचींतून मागितलेली किंमत कळते, प्रत्यक्ष खरेदी कळत नाहीं. वहींत खरेदी असते, पण वस्तूचें वर्णन बहुधा त्रोटक असतें. दोहोंचा मेळ घातल्यावांचून निर्णय करतां येत नाहीं. यास्तव जुन्या दप्तरांत पोथ्यांच्या जोडीनें असे कागद आढळल्यास संग्राहकांनीं ते रद्दी समजून टाकूं नयेत. सालवार लावून जतन करावे, अशी विनंति आहे.