उघडता येणारं यंत्र

अमेरिकेतल्या घरापुढच्या हिरवळीचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकाला त्यात मोठं प्रकरण द्यावं लागेल. सैनिक परतले, सरकारी हमीवर घरासाठी कर्जं मिळू लागली आणि शहरांबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनचं काम १९४७ मध्ये सुरू झालं. तिथले प्लॉट लहान होते, पण गावाकडे सरकणाऱ्या अनेकांकडे एकर-दोन एकर जमीन आली. एवढं गवत हाताने ढकलायच्या मशीनने कापायचं तर दिवस जातो आणि शेतीचा ट्रॅक्टर त्यात मावत नाही. या दोन्हींच्या मधे गार्डन ट्रॅक्टर जन्माला आला.

शिकागोची इंटरनॅशनल हार्वेस्टर ही शेतीयंत्रं बनवणारी बलाढ्य कंपनी. केंटकीतल्या लुईव्हिलच्या कारखान्यात ती १९४७ पासून ‘फार्मॉल कब’ नावाचा आपला सगळ्यात छोटा शेतीचा ट्रॅक्टर बनवत होती. १९६० च्या अखेरीस त्याच कारखान्यातून त्याचं धाकटं भावंड बाहेर पडलं : ‘कब कॅडेट’. पिवळा-पांढरा रंग, कोहलर कंपनीचं एका सिलिंडरचं ७ अश्वशक्तीचं इंजिन. गंमत अशी, की त्याच्या गिअरबॉक्सचे आणि मागच्या एक्सलचे बरेच भाग थेट शेतीच्या ‘कब’वरून उचललेले होते. म्हणजे गवत कापायच्या यंत्राला नांगर ओढणाऱ्या यंत्राची हाडं मिळाली. हे पहिलं मॉडेल १९६३ पर्यंत चाललं आणि सुमारे ६५ हजार नग बनले.

त्यातला एक माझ्याकडे आहे. मी ओहायोत राहते, पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिते आणि शनिवारी हात काळे करते. लोक विचारतात, “नवीन का घेत नाहीस?” गवतच कापायचं असतं तर घेतलाही असता. पण या ट्रॅक्टरची दुरुस्ती करताना जी मजा येते, ती दुकानात विकत मिळत नाही.

पॉइंटचंच घ्या. इंजिनाच्या बाजूला एक छोटं झाकण आहे. ते काढलं की आत धातूच्या दोन टिकल्या दिसतात, एकमेकींना टेकणाऱ्या आणि सुटणाऱ्या. टेकल्या की बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहतो; सुटल्या की तो तुटतो आणि त्या क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. पूर्ण उघडल्यावर त्यांच्यातली फट ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर असायला हवी. फीलर गेजची पातळ पट्टी त्यात सरकवायची. ती अडू नये, सैलही फिरू नये, किंचित घासत जावी. ते घासणं बोटांना कळतं. ही फट बिघडली तर इंजिन चुकत धावतं किंवा सुरूच होत नाही, आणि ती बरोबर बसली की चालू होताच आवाजावरून समजतं.

तसाच त्याचा स्टार्टर-जनरेटर. एकच यंत्र पट्ट्याने इंजिनाला फिरवून जागं करतं आणि इंजिन चालू झालं की त्याच्याच जोरावर फिरून बॅटरी चार्ज करतं. पहिल्यांदा हे लक्षात आलं, तेव्हा मी पाना खाली ठेवून नुसती बघत राहिले. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर रेघा मारताना केलेला विचार मला वायरी मोजता मोजता वाचता आला होता.

मामांच्या गावी, सांगली जिल्ह्यात, मी लहानपणी असाच वाचता येणारा ट्रॅक्टर पाहिला होता : लाल बी-२७५. महिंद्राने १९६३ मध्ये याच इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि कांदिवलीत हे ट्रॅक्टर बनू लागले. तेव्हा ‘कब कॅडेट’ आणि मामांचा ट्रॅक्टर एकाच घराण्यातले. एक गवत कापायचा, दुसरा ऊस वाहायचा. बी-२७५ डिझेलवर चालायचा, त्यामुळे पॉइंट नाहीत. पण टाकी रिकामी होऊन पाइपात हवा शिरली की मामा नट ढिला करून हातपंप मारायचे, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की नट आवळायचे. याला तिथे ‘एअर काढणं’ म्हणतात. त्यासाठी मिस्त्री बोलवावा लागत नसे, आणि ऐन पेरणीत मिस्त्रीची वाट न पाहणं म्हणजे वापसा हातचा न जाणं.

कंपनी मात्र टिकली नाही. ‘कब कॅडेट’ १९८१ मध्ये दुसऱ्या कंपनीला विकला गेला आणि १९८५ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेतीयंत्रांचा विभागही गेला. तरी माझा ट्रॅक्टर चालतोय, कारण त्याला कंपनीची परवानगी लागत नाही. पाना, फीलर गेज आणि मॅन्युअल पुरतं.

आजच्या मोठ्या ट्रॅक्टरात अनेक दुरुस्त्या पान्याने पूर्ण होत नाहीत. भाग बदलला तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्याला ओळख द्यावी लागते आणि ते सॉफ्टवेअर डीलरकडे असतं. अमेरिकेतले शेतकरी याविरुद्ध अनेक वर्षं भांडत आहेत. कोलोराडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला; तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर जॉन डिअरवर खटला भरला.

मी सॉफ्टवेअरवाली आहे, त्यामुळे जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. नवी इंजिनं कमी धूर सोडतात, आणि ते सॉफ्टवेअरमुळेही शक्य होतं. पण इंजिन नीट चालवणारं सॉफ्टवेअर वेगळं आणि मालकाला दाराबाहेर ठेवणारं कुलूप वेगळं. दोन्ही आम्हीच लिहितो, म्हणून हा फरक आम्हाला नक्की माहीत असतो.

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्याची बॅटरी तुम्हाला स्वतः बदलता येते का? एकदा बघा. नसेल येत, तर ते तंत्रज्ञानाला जमत नाही म्हणून की कुणीतरी तसं ठरवलं म्हणून, हा प्रश्न विचारायला ट्रॅक्टर असावा लागत नाही.