तीन गाड्या आणि एक वजनकाटा

नवी गाडी घ्यायची ठरली की घराघरांत एकच कार्यक्रम सुरू होतो. दोन-तीन कंपन्यांची माहितीपत्रके जमा होतात. अश्वशक्ती किती, लिटरला किलोमीटर किती, जमिनीपासून उंची किती, इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळतो की दोनच, याचे कोष्टक मांडले जाते. शेजारचे काका एक सांगतात, गॅरेजवाला दुसरेच सांगतो. गाडी शेतावर, घाटात किंवा नदीच्या पात्रातून न्यायची असेल तर हा वाद आणखी रंगतो. या सगळ्यात एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. गाड्यांची तुलना करण्याचे माप कोण ठरवतो, आणि ते माप मध्येच बदलले तर काय होते?

हे समजून घ्यायचे तर १९४० सालच्या अमेरिकेत जावे लागेल. ज्या गाडीला पुढे साऱ्या जगाने जीप म्हटले, ती तिथे तीन कंपन्यांच्या चुरशीतून जन्माला आली. ग्राहक एकच होता, अमेरिकेचे लष्कर. दणकट गाड्यांची तौलनिक परीक्षा घेऊन मग खरेदी करण्याचे इतके गाजलेले दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

जून १९४० मध्ये जर्मन फौजांनी फ्रान्स जिंकला. वेगाने हालचाल करणाऱ्या सैन्यापुढे जुनी व्यवस्था टिकत नाही, हे अमेरिकी सेनाधिकाऱ्यांना कळून चुकले. निरोप पोचवायला आणि टेहळणी करायला त्यांच्याकडे घोडे होते, साइडकार जोडलेल्या मोटारसायकली होत्या. त्यांच्या जागी एक छोटी, बसकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. कागदोपत्री तिचे नाव 'पाव टन ट्रक' असे होते. लष्कराने अटी लिहून काढल्या. गाडीने सुमारे २७० किलो भार वाहावा. शत्रूला दिसू नये म्हणून उंची कमी असावी. आणि सगळ्यांत कठीण अट म्हणजे तिचे स्वतःचे वजन सहाशे किलोच्या आत असावे. खड्ड्यात अडकली तर जवानांना हातांनी उचलून काढता यावी, हा त्यामागचा हिशोब.

जुलैमध्ये १३५ कंपन्यांना निविदेचे पत्र गेले. पहिली नमुना गाडी ४९ दिवसांत हजर करायची होती आणि एकूण ७० गाड्या ७५ दिवसांत द्यायच्या होत्या. एवढ्या कमी मुदतीत कोरी गाडी तयार करायला बहुतेकांनी नकार दिला. बोली आल्या त्या दोघांच्याच. एक ओहायो राज्यातल्या टोलेडोची विलिस-ओव्हरलँड आणि दुसरी पेनसिल्व्हेनियातल्या बटलर या लहान गावची अमेरिकन बँटम.

बँटमची अवस्था तेव्हा बिकट होती. ब्रिटनच्या ऑस्टिन सेव्हनवर आधारलेली छोटी मोटार ती बनवत असे, पण अमेरिकी ग्राहकाला मोठ्या गाड्यांचा सोस. कारखाना जवळजवळ बंद पडला होता आणि अभियंते सोडून गेले होते. कंपनीने डेट्रॉइटच्या कार्ल प्रोब्स्ट या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या अभियंत्याला गळ घातली. कंत्राट मिळाले तरच पैसे, अशा बोलीवर तो आला आणि दोन दिवसांत त्याने गाडीचे आराखडे काढले. सहाशे किलोत ही गाडी बसणार नाही, हे त्याला पहिल्याच हिशोबात दिसले. तरीही निविदेच्या अर्जात मर्यादेच्या किंचित आतला आकडा लिहिला गेला. तसे केले नसते तर बोली तिथेच बाद झाली असती.

किंमत विलिसची कमी होती. पण विलिसने मुदत वाढवून मागितली होती आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला दंड होता. दंड धरून हिशोब केला तेव्हा बँटमची बोली स्वस्त ठरली. कंत्राट बँटमला मिळाले.

२३ सप्टेंबर १९४० हा मुदतीचा शेवटचा दिवस होता. नमुना गाडी मालगाडीवर चढवून पाठवायला वेळच उरला नव्हता. प्रोब्स्ट आणि कारखान्याचा हॅरॉल्ड क्रिस्ट यांनी ती स्वतः चालवत बटलरहून बाल्टिमोरच्या होलाबर्ड छावणीत आणली. संध्याकाळी पाचची वेळ होती. गाडी साडेचारला फाटकातून आत आली.

मग परीक्षा सुरू झाली. चिखल, वाळू, खडी चढण आणि ओढे यांतून लष्कराच्या चालकांनी ती दिवसरात्र पिटाळली. परीक्षा मोडतोडीचीच होती. कोणता भाग कधी तुटतो, हेच तर त्यांना पाहायचे होते. वजनाच्या काट्यावर मात्र गाडी आठशे किलोंच्या पुढे गेली. असे सांगतात, की खड्ड्यातून ती निघेल का, अशी शंका निघाली तेव्हा एका धिप्पाड सेनाधिकाऱ्याने पुढे होऊन गाडीची मागची बाजू एकट्याने उचलून दाखवली. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, लष्कराने वजनाचा हट्ट सैल केला एवढे निश्चित.

इथेच कथेला वळण मिळाले. परीक्षा चालू असताना छावणीत विलिस आणि फोर्ड या कंपन्यांची माणसे हजर होती. त्यांनी बँटमची गाडी जवळून पाहिली. एवढेच काय, लष्कराने तिचे आराखडेही त्यांच्या हाती दिले. लष्कराचे म्हणणे असे, की गाडी उत्तम आहे, पण युद्ध पेटले तर लागतील लाखो. बटलरचा छोटा कारखाना एवढ्या गाड्या कुठून देणार? नोव्हेंबर १९४० मध्ये विलिसची 'क्वाड' आणि फोर्डची 'पिग्मी' अशा दोन्ही नमुना गाड्या होलाबर्डला पोचल्या. बँटमशी त्यांचे साम्य कोणाच्याही लक्षात येण्यासारखे होते.

आता प्रत्येकी १,५०० गाड्यांची मागणी तिन्ही कंपन्यांना देण्यात आली. वजनाची मर्यादा वाढवून सुमारे ९८० किलो केली गेली. या बदलाने पारडे कसे फिरले, ते पाहण्यासारखे आहे.

बँटम तिघींत हलकी आणि इंधनाला काटकसरी होती. फोर्डची गाडी चालकाला सोयीची होती, पण तिचे इंजिन मुळात ट्रॅक्टरचे, गिअरबॉक्स जुन्या मोटारीचा. या दोघींची ताकद ४५ अश्वशक्तीच्या आसपास. विलिसचा मुख्य अभियंता होता डेल्मर रूस, ज्याला सगळे बार्नी म्हणत. त्याने कंपनीचे जुने इंजिन घासूनपुसून ६० अश्वशक्तीपर्यंत नेले होते. त्या इंजिनामुळे चिखलात आणि चढावर विलिसला तोड नव्हती. मात्र इंजिन जड होते. जुनी मर्यादा राहिली असती तर विलिस काट्यावर चढण्याआधीच बाद झाली असती. नव्या मर्यादेतही तिचे वजन शंभर किलोहून अधिक जास्त भरत होते. रूसच्या माणसांनी गाडी पूर्ण सोडवली. बोल्ट गरजेपेक्षा लांब होते ते कापले, पत्रे पातळ केले, रंगाचा थरसुद्धा एकच दिला. शेवटी गाडी मर्यादेच्या आत बसली ती अवघ्या काही ग्रॅमांनी.

जुलै १९४१ मध्ये १६,००० गाड्यांचे मोठे कंत्राट निघाले. खरेदी खात्याचा कल फोर्डकडे होता, कारण एवढा मोठा कारखाना दुसऱ्या कोणाकडे नव्हता. पण विलिसचा दर सगळ्यांत कमी होता. गाडीमागे साडेसातशे डॉलरच्या आत. औद्योगिक उत्पादनाची जबाबदारी सांभाळणाऱ्या विल्यम नुडसेन यांनी स्वस्त आणि ताकदवान गाडी सोडून महाग गाडी घ्यायला नकार दिला. कंत्राट विलिसला गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फोर्डलाही त्याच धाटणीची गाडी बनवायला सांगण्यात आले. अट अशी, की एकीचा सुटा भाग दुसरीला बसलाच पाहिजे.

युद्ध संपेपर्यंत विलिसने सुमारे ३ लाख ६० हजार आणि फोर्डने सुमारे पावणेतीन लाख गाड्या बनवल्या. बँटमच्या नावावर राहिल्या सुमारे २,६००. त्यातल्या बऱ्याचशा ब्रिटन आणि सोव्हिएत रशियाला रवाना झाल्या. ज्या कारखान्याने पहिली जीप रस्त्यावर आणली, त्याला उरलेले युद्ध जीपमागे जोडायचे ट्रेलर बनवण्यात काढावे लागले. जीप आम्ही निर्माण केली, अशा जाहिराती विलिसने केल्या तेव्हा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याला हरकत घेतली आणि १९४८ मध्ये विलिसला तसा दावा करण्यास मनाई केली. तरीही १९५० मध्ये जीप हे नाव विलिसच्याच मालकीचे झाले. त्याच दशकात बँटम कंपनी संपली.

यात अन्याय कुठे आणि व्यवहार कुठे, याचा निवाडा सोपा नाही. लष्कराला गाड्या हव्या होत्या आणि त्या मिळाल्या. सुटे भाग एकमेकींना बसत असल्याने लढाईच्या मैदानात दोन मोडक्या जीपची मिळून एक चालती जीप करता येत असे. ग्राहक म्हणून लष्कराने केलेली निवड चांगली ठरली. पण परीक्षेला बसलेल्या एका विद्यार्थ्याची वही इतरांना उतरवून घ्यायला दिली गेली आणि मग उत्तीर्ण होण्याचा नियमही बदलला गेला, हेही खरेच.

अशीच चुरस दहा वर्षांनी जपानमध्ये झाली. कोरियाचे युद्ध सुरू झाल्यावर तिथे राष्ट्रीय पोलीस राखीव दल उभे राहिले. त्याला दणकट गाड्या हव्या होत्या. टोयोटा, निसान आणि विलिसच्या परवान्याने जीप बनवणारी मित्सुबिशी अशा तीन गाड्या समोर आल्या. टोयोटाची गाडी १९५१ मध्ये फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढून गेली. राखीव दलाने तरीही मित्सुबिशीची जीप निवडली. टोयोटाला पोलीस खात्याने २८९ गाड्यांची मागणी देऊन हात दिला. १९५४ मध्ये त्याच गाडीचे नाव लँड क्रूझर ठेवण्यात आले. पुढे जगभर कोणती गाडी गाजली, हे सांगायला नको. बँटमला असा दुसरा ग्राहक भेटला नाही.

आता आपल्याकडे येऊ. युद्धकाळात के. सी. महिंद्रा भारत सरकारच्या कामासाठी अमेरिकेत होते. तिथे त्यांची बार्नी रूसशी भेट झाली. खेड्यापाड्यांच्या कच्च्या रस्त्यांच्या भारताला हीच गाडी हवी, हे त्यांनी ओळखले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिस जीपचे सुटे भाग जोडून गाड्या बाहेर पडू लागल्या. तिथून जीप तालुक्याच्या कचेरीत पोचली, वनखात्यात पोचली, आणि पुढे साताऱ्या-सांगलीकडच्या वडापवाल्यांनी दणकट गाड्यांवर आपला संसार उभा केला.

परीक्षा न घेता खरेदी केली तर काय होते, याचाही धडा त्याच काळातला आहे. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लष्कराला जीपची तातडी होती. व्ही. के. कृष्ण मेनन लंडनमध्ये उच्चायुक्त असताना तिथून जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपचा करार झाला. पैशांचा मोठा भाग आधीच दिला गेला. आल्या त्या १५५ जीप, आणि त्याही लष्कराने निकामी ठरवल्या. नेहमीची पद्धत डावलली गेली, असा आक्षेप संसदेत घेतला गेला. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले, पण स्वतंत्र भारताचा पहिला मोठा घोटाळा म्हणून त्याचे नाव कायम राहिले.

अलीकडचे उदाहरण महाराष्ट्राच्याच दोन कारखान्यांमधले आहे. लष्कराला जिप्सीपेक्षा मोठी, ८०० किलो भार वाहणारी, टपाची वातानुकूलित गाडी हवी होती. पुण्याच्या टाटा मोटर्सची सफारी स्टॉर्म आणि महिंद्राची स्कॉर्पिओ यांच्यात सामना झाला. दोन्ही गाड्या चाचण्यांत उत्तीर्ण झाल्या. निकाल लागला तो दरावर. एप्रिल २०१७ मध्ये टाटांशी ३,१९२ गाड्यांचा करार झाला. २०२३ मध्ये लष्कराने १,४७० स्कॉर्पिओ क्लासिक गाड्यांची मागणी नोंदवली. गरज बदलली की हरलेल्या गाडीलाही पुन्हा संधी मिळते, ती अशी.

शोरूमच्या पायरीवर उभ्या असलेल्या आपल्यासारख्यांना यातून घेण्याजोगे बरेच आहे. गाडी पाहण्याआधी आपली गरज कागदावर लिहावी: भार किती, रस्ता कोणता, माणसे किती. परीक्षा आपल्या रस्त्यावर घ्यावी, विक्रेत्याच्या गुळगुळीत डांबरावर नव्हे. सुटे भाग आपल्या तालुक्याच्या गावात मिळतात का, ते विचारावे. आणि एखाद्या गाडीच्या मोहात पडून आपण आपलेच माप बदलतो आहोत का, हे मधूनमधून तपासावे. माप बदलायला हरकत नाही, अमेरिकी लष्करानेही बदलले. मात्र ते आपल्या गरजेसाठी बदलले, की समोरच्या गाडीला पास करण्यासाठी, एवढे स्वतःला ठाऊक असावे.

बटलर गावात २०११ पासून बँटम जीपच्या नावाने मेळावा भरू लागला. ठिकठिकाणचे लोक आपापल्या जीप घेऊन तिथे येतात. सत्तर वर्षांनी का होईना, पहिल्या गाडीच्या गावाला तिचे श्रेय मिळाले.