डरेलचे सायप्रस आणि घराची किल्ली

भूमध्य समुद्रातील एखाद्या बेटावर चार दिवसांचे पाहुणे म्हणून न जाता बारमाही घर करून राहावे, ही उत्तर युरोपीय माणसाची जुनी आकांक्षा आहे. तिला इंग्रजी गद्यात मोहक रूप देणाऱ्यांत लॉरेन्स डरेल अग्रगण्य होय. १९१२ मध्ये जालंधर येथे जन्मलेल्या या लेखकाने कॉर्फू आणि ऱ्होड्सनंतर १९५३ मध्ये सायप्रस निवडले. त्या वास्तव्याचे पुस्तक म्हणजे ‘बिटर लेमन्स’ (१९५७). प्रवासवर्णन शिकवताना आम्हांला या पुस्तकाकडे वारंवार वळावे लागते, कारण घर विकत घेण्याची कृती साहित्यात किती निरागस दिसू शकते, याचा तो नमुना आहे.

डरेलची निवड केवळ निसर्गप्रेमातून झाली नव्हती. सायप्रसचा कारभार १८७८ पासून ब्रिटिशांच्या हाती होता आणि १९२५ पासून ती अधिकृत वसाहत होती. इंग्रजी चालत असे, कायदा ओळखीचा होता, तिथला पौंड ब्रिटिश पौंडाच्या बरोबरीचा होता आणि राहणी स्वस्त होती. बेलापाईस या गावातील घराच्या खरेदीचे प्रकरण पुस्तकात अतिशय रंगले आहे. तुर्की दलाल, ग्रीक मालकीण, तिचे नातलग, ती भलीमोठी किल्ली आणि घासाघीस वाचताना हसू आवरत नाही. मात्र या सौद्यातील एक पक्ष राज्यकर्त्यांच्या जातकुळीचा आहे, हे त्या हास्यात विरून जाते.

इतिहासाने ते फार काळ विरू दिले नाही. डरेल निकोसियातील पॅनसिप्रियन जिम्नॅशियममध्ये इंग्रजी शिकवीत असे. त्याच शाळेची मुले ग्रीसशी एकीकरणाच्या मागणीसाठी निदर्शनांत उतरली. १९५४ मध्ये तो वसाहत सरकारच्या माहिती खात्यात गेला, १ एप्रिल १९५५ रोजी सशस्त्र लढा सुरू झाला आणि १९५६ मध्ये त्याला बेट सोडावे लागले. शेजारी आणि सरकारी प्रवक्ता या दोन भूमिका एका अंगणात नांदू शकल्या नाहीत.

पुस्तकाला ग्रीक भाषेतून उत्तर मिळाले. सायप्रसचा कवी कोस्तास मोंतिस याने १९६४ मध्ये ‘बंद दारे’ या अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी प्रसिद्ध केली, ती डरेललाच उद्देशून. डरेलच्या हाती किल्ली आहे, मोंतिसच्या शीर्षकात दार बंद आहे. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली नाहीत, तर विद्यार्थ्यांच्या हाती अर्धेच बेट लागेल, असे आम्हांस वाटते.

दाराचा हा प्रश्न पुढे अक्षरशः न्यायालयात गेला. १९७४ मध्ये तुर्की सैन्य उतरले आणि बेट दुभंगले. बेलापाईसच्या ग्रीक रहिवाशांना गाव सोडावे लागले. दक्षिणेतील तुर्कभाषकांनाही घरे टाकून उत्तरेकडे यावे लागले. पुढे उत्तरेत, विशेषतः २००४ नंतर, परदेशी ग्राहकांसाठी बंगल्यांची रांग उभी राहिली. त्यांतील बरीचशी जमीन विस्थापित ग्रीकांची होती. अशी मालकी विस्थापनाने संपत नाही, असा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९६ मध्ये दिला होता. लापिथोस येथे बंगला बांधलेल्या एका ब्रिटिश दांपत्याविरुद्ध मूळ मालकाने निकोसियात दावा जिंकला. तो निकाल ब्रिटनमध्येही अमलात आणता येतो, असे युरोपीय समुदायांच्या न्यायालयाने २८ एप्रिल २००९ रोजी ठरवले.

त्या दांपत्याला कदाचित ऊन, समुद्र आणि लिंबाची झाडे एवढेच हवे असेल. डरेललाही तेच हवे होते, आणि त्याचे घर तर राजीखुशीच्या सौद्यातून आले होते. दोन्ही व्यवहार एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरी ‘बिटर लेमन्स’ने वाचकाला लावलेली एक सवय आम्हांला तपासावीशी वाटते. घर घेणारा बोलतो, म्हणून घराचा इतिहास त्याच्या आगमनापासून सुरू होतो. बेलापाईसच्या त्या घराला त्याआधीही माणसे होती, आणि १९७४ नंतर गाव सोडून गेलेल्यांनाही आपापल्या घरांचे दगड ठाऊक होते. प्रवासवर्णनाच्या अभ्यासकाने निदान त्यांची अनुपस्थिती नोंदवावी.