शोथाच्या हुकमाची कुळकथा

मानोरा तालुक्यातील इंझोरीच्या शिवारात तूर सोंगताना पायात धसकट शिरले, की थोड्याच वेळात ती जागा लाल होते, तापते, सुजते आणि ठणकू लागते. सुश्रुतसंहितेने या विकाराला व्रणशोथ म्हटले आणि त्याच्या आम, पच्यमान व पक्व अशा तीन अवस्था वर्णिल्या. परंतु सुजण्याचा हुकूम देहात कोठून सुटतो आणि कोणाकरवी अंमलात येतो, हे उमगण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

त्या ज्ञानाचे मूळ स्नायूंच्या अभ्यासात आहे. स्नायू आपल्या साठ्यातील ग्लायकोजेन ऐन गरजेच्या वेळी कसे मोकळे करतो, याचा शोध अमेरिकेतील सिएटल येथे एडमंड फिशर व एडविन क्रेब्स घेत असता, १९५५ च्या सुमारास त्यांना असे आढळले, की एक विकर दुसऱ्यावर फॉस्फेटचा अंश चढवते, तेवढ्याने ते दुसरे जागे होते, आणि तो अंश उतरला की पुन्हा मंदावते. मोहोर उठल्यावाचून जसा परवाना चालत नाही, तसेच हे. आणि ही मोहोर उठविणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात. या शोधाला १९९२ साली नोबेल पारितोषिक लाभले.

दुसरी शाखा १९८६ साली फुटली. प्रतिपिंडाच्या कप्पा साखळीच्या जनुकाला बिलगणारे एक प्रथिन रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांना बी-पेशींत सापडले, आणि त्यावरून त्याला एनएफ-कप्पा-बी हे नाव पडले. प्रथम ते त्या पेशींचेच वाटले. पुढे कळले, की ते बहुतेक सर्व पेशींच्या पेशीद्रवात, आयकप्पाबी या निरोधक प्रथिनाच्या पहाऱ्यात, तयार स्थितीत बसलेले असते. जखमेतून जंतू शिरल्याची वर्दी मिळताच आयकेके नावाचे कायनेज त्या पहारेकऱ्यावरच फॉस्फेट चढवते. पेशी त्या निरोधकाचा विध्वंस करते, आणि मोकळे झालेले प्रथिन काही मिनिटांत केंद्रकात पोचून शोथाची जनुके जागवते. उष्णता, अतिनील किरण, क्षारांचा ताण अशा संकटांत पी-३८ व जेएनके ही कायनेज कुळातील भावंडे हेच कार्य आपापल्या परीने करतात.

या व्यवस्थेतील सर्वांत मोठे शहाणपण तिच्या शेवटात आहे. एनएफ-कप्पा-बी जी जनुके जागवते, त्यांत त्याच्या स्वतःच्या निरोधकाचे जनुकही असते. नवा निरोधक घडला, की तो त्याला केंद्रकातून परत नेतो आणि हुकूम रद्द होतो. हे रद्द होणे जेथे साधत नाही, तेथे संधिवातासारखा शोथ वर्षानुवर्षे चालतो, आणि म्हणूनच जॅनस कायनेज या दुसऱ्या एका मार्गावरील विकराला रोखणारे टोफॅसिटिनिब हे औषध २०१२ साली अमेरिकेत संधिवातासाठी मान्य झाले. सूज ही देहाची आवश्यक तजवीज आहे. तिने वेळेवर निवावे, एवढ्यासाठीच वैद्यकाने तिच्या कारभारात हात घालावा.