मोतीबिंदूचा बोर्ड

जालन्याच्या मस्तगडातला सगळ्यात जुना बोर्ड फारसीत आहे. 1725 मध्ये निजाम आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानानं ही गढी बांधली आणि बांधल्याचं साल दगडात कोरून ठेवलं. ते अजून आहे. माझ्या हातच्या पाट्या मात्र शोधाव्या लागतात. काही पुसल्या, बाकीच्यांवर फ्लेक्स चढला.

मी पेंटर. या भागातल्या चष्मेवाल्यांच्या, वैद्यांच्या, कवळी बसवणाऱ्यांच्या पाट्या आणि यात्रेच्या बसगाड्या मीच रंगवायचो. ही सगळी गिऱ्हाइकी म्हाताऱ्या माणसांची. 'सीनियर सिटिझन' हा शब्द तेव्हा गल्लीत कुणाच्या तोंडी नव्हता, पण धंदा जोरात होता.

त्यातला मोठा धंदा यात्रेचा. 1900 च्या सुमारास मनमाड–हैदराबाद रेल्वे जालन्यावरून सुरू झाली आणि काशी आवाक्यात आली. मनमाडला गाडी बदलली की झालं. त्याआधी काशीला निघालेला माणूस घरदार मुलांच्या हवाली करूनच निघे, परतेल याची खात्री नसायची. पुढं बसगाड्या आल्या, तेव्हा पाटीवर गावांची नावं नुसती लिहून भागत नसे. आजीबाई येऊन विचारायच्या, "जेवण कांदा-लसणाशिवाय आहे का रे बाबा?" मग मालक म्हणायचा, "तेच मोठं लिही." पैसे आजीच्या कनवटीचे, म्हणून पाटी आजीशी बोलायची. माझ्या मते ही खरी जाहिरात.

दुखऱ्या अंगाचा धंदाही जुनाच. काशीनाधुनी नागेश्वरराव पंतुलू यांनी 1893 मध्ये मुंबईत अमृतांजन काढलं आणि गाण्याच्या मैफलीत ते फुकट वाटलं. तासन्‌तास बसून मान-कंबर धरलेला श्रोता म्हणजे आयतं गिऱ्हाईक! एवढी हुशारी आजच्या किती जाहिरातवाल्यांत आहे?

मोतीबिंदूच्या शिबिरांचे बोर्ड रंगवताना मी एक गोष्ट शिकलो. मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला सगळं पिवळट, धुरकट दिसतं. निळं-जांभळं तर पार मळून जातं. म्हणून खडू लावलेला दोरा ताणून फटका मारायचा, ओळी आखायच्या आणि पिवळ्या जमिनीवर काळी जाड अक्षरं काढायची. शॅडो नाही, वेलबुट्टी नाही. तारीख वीतभर उंच. बोर्ड छातीच्या उंचीला, कारण वाकलेल्या माणसाची मान वर होत नाही आणि दुहेरी काचेच्या चष्म्यातून जवळचं बघायचं तर नजर खालीच लागते. शिबिराला आलेले आजोबा म्हणायचे, "बोर्ड मी स्वतः वाचला." त्यांना त्याचं फार.

फ्लेक्स आला आणि सगळं उलटं झालं. आता त्याच शिबिराच्या फलकावर नेत्याचा फोटो पुरुषभर, खाली कार्यकर्त्यांच्या मुंडक्यांची रांग, आणि निळ्या आभाळावर पांढऱ्या बारीक अक्षरात तारीख. तोही विजेच्या खांबाच्या टोकाला. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठीचा फलक, आणि धडधाकट डोळ्यालाही तो वाचता येत नाही!

मोठ्या शहरांत हा धंदा आता इंग्रजी नावं घालून हिंडतो. वीणा वर्ल्डच्या 'सीनियर्स स्पेशल' सहली आहेत, पुण्यात परांजपेंची 'अथश्री' ही ज्येष्ठांसाठीची घरं आहेत. सरकारही नाव द्यायला मागं नाही. 26 ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला, त्या योजनेचं नाव 'अमृत ज्येष्ठ नागरिक'. नावात काही वाईट नाही. पण आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ती योजना नावानं नाही कळली. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर पैसे घेत नाही, हे पारावर एकानं दुसऱ्याला सांगितलं, तेव्हा कळली.

आताच्या बहुतेक जाहिराती म्हाताऱ्याशी बोलतच नाहीत, त्याच्या मुलाशी बोलतात: 'आई-बाबांची काळजी आमच्यावर सोपवा.' पैसे मुलगा देतो, हे खरं. पण त्यात आई-बाबा गिऱ्हाईक राहत नाहीत, सामान होतात. हे मला पटत नाही.

फ्लेक्स छापणाऱ्या पोरांनो, एवढं करा. पिवळ्यावर काळं घ्या, तारीख वीतभर काढा आणि फलक छातीच्या उंचीला लावा. साहेबांचा फोटो लहान झाला म्हणून शिबिराची गर्दी कमी होत नाही.